पहाऱ्यातली शाळा

शाळा आणि गाव यांचं नातं कसं जुळतं, यावर दिवाळी अंकासाठी चार पानं लिहून द्या, असं संपादक म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. निवृत्त शिक्षिकेच्या सत्कारात एक वाक्य ठरलेलं असतं, की बाईंनी गावाचा विश्वास संपादन केला. मग हार घालतात, शाल देतात, फोटो काढतात. विश्वास कसा संपादन केला, हे कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं, की माझ्या पहिल्या गावाने माझ्यावर विश्वास असा ठेवलाच नाही. नजर मात्र ठेवली, आणि ती शेवटपर्यंत काढली नाही.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. निंबोल्याला मोटारीतून उतरून डावीकडे आत चालत जावं लागायचं, एवढं सांगितलं तरी बुऱ्हाणपूरकडच्या वाचकाला अंदाज येईल. तिथल्या नाती-पणत्या आता शिकलेल्या आहेत, त्यांच्या हातात हा अंक पडायचा.

नागपूरचं राज्य जाऊन भोपाळचं आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. कागदावर सगळं एक झालं होतं, पण माणसं अजून व्हायची होती. वरचे हुकूम आता हिंदीत यायचे. आमच्याकडचे शिक्षक आणि इंदूरकडचे शिक्षक एकाच यादीत आले होते आणि कोण कोणाच्या वर, यावरून कचेऱ्यांतून कुजबुज चाललेली असे. बुऱ्हाणपुरात आमचं घर मराठी. वडील एका जिनिंगमध्ये लिखापढीचं काम करायचे. मी ट्रेनिंग करून नुकतीच बाहेर पडले होते आणि त्या गावात मुलींचा वर्ग नव्याने उघडायचा म्हणून मला तिथे पाठवलं; मी घरूनच मोटारीने रोज ये-जा करायची. मुलांची शाळा आधीपासून होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला. माझा वर्ग भरायचा धर्मशाळेच्या ओसरीवर.

वर्ग भरण्याआधी घरोघर फिरून शाळेच्या वयाच्या मुलींची नावं लिहायची असतात. बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी हातात रजिस्टर घेऊन निघाले आणि संध्याकाळपर्यंत माझी खात्री पटली, की या गावात मुलीच जन्माला येत नसाव्यात. एका घरी पाळणा हलत होता आणि घरातली बाई सांगत होती की आमच्यात लेकरू नाही. दुसऱ्या घरी कपाशीच्या ढिगामागून दोन वेण्या दिसत होत्या.

तिसरं घर गोदामायचं. गोदामाय म्हणजे त्या आळीतली सगळ्यांत वडीलधारी बाई, नवरा जाऊन वर्षं झालेली, केळीची आणि कपाशीची शेती मुलाकडून स्वतः करवून घेणारी. उंच, हडकुळी, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघणारी. तिने माझ्या रजिस्टरकडे बघितलं आणि विचारलं, "नाव कायले पाहिजे तुले?"

मी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं सांगितलं. मुलगी शिकली की घर कसं सुधारतं वगैरे. तिने मध्ये तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाली, की आजवर या दारात वही घेऊन जो जो आला, त्याने नाव लिहून नेलं आणि मागून काहीतरी नेलं. लढाईच्या वेळी आले ते बैलगाडी घेऊन गेले. नंतर आले त्यांनी धान्य मोजून नेलं. लस टोचणारे आले तेव्हा शेजारची पोर तापाने फणफणली. आता राज्य बदललं म्हणतात, तर नवीन राज्याला पोरी कशाला हव्यात?

त्या वेळी मला ती अडाणी आणि आडमुठी वाटली. आज वाटतं, तिच्या जागी मी असते तर मीही पाळणा लपवला असता.

त्यानंतर मी हळूहळू काही गोष्टी शिकले. घरी जाताना रजिस्टर न्यायचं नाही. बाया धान्य निवडत असतात त्या वेळेला जायचं, म्हणजे त्यांना उठावं लागत नाही आणि आपल्यालाही एक सूप पुढे ओढून बसता येतं. खाटेवर बसायचं नाही. पाणी मागून प्यायचं. पोरीचा विषय आपण काढायचा नाही, तो त्यांनी काढेपर्यंत डाळीतले खडे वेचायचे. अशा रीतीने ओसरीवर पोरी येऊ लागल्या. आधी मी ज्यांच्या सुपापाशी बसायचे त्या दोन-तीन घरांतल्या, मग त्यांच्या मैत्रिणी.

गोदामायची नात सुशी ही त्यांच्यातच एक दिवस येऊन बसली. तिला कोणी पाठवलं, हे मला लवकरच कळलं. तिची आई कौसल्या, म्हणजे गोदामायची सून, ओसरीवरून पाण्याला जायची. ती चुकूनही थांबत नसे, पण चाल मंद करायची. एकदा वर्गातला माठ फुटला आणि पोरी तहानेने मधल्या वेळेत घरी पळू लागल्या. गेलेली पोर परत यायचीच असं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या पदराखाली झाकून एक तांब्याचा हंडा घेऊन आली, ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "पोरींच्या पाण्याले राहू द्या, बाई. आमच्या घरी बोलू नका." गोदामायने शाळेला घरातली काडीही द्यायची नाही असं बजावलं होतं. माळ्यावर जुनी भांडी बरीच होती, त्यामुळे एक कमी झालेलं लक्षात येणार नाही, असा कौसल्याचा हिशेब.

मुलांच्या शाळेवर त्याच सुमाराला नवे मुख्य गुरुजी आले, चौबे नावाचे. इंदूरकडचे, एकटे राहणारे, स्वच्छ धोतर-सदरा, आणि मराठीचा एक शब्द न येणारे. माझा वर्गही त्यांच्याच हाताखाली देण्यात आला. ते आल्या आल्या त्यांनी माझी मराठी पुस्तकं मागून घेतली आणि हिंदीची पुस्तकं दिली. तसा हुकूमच होता, हे मला माहीत होतं. तरी मनात आलंच, की या माणसाला माझा वर्ग बंद करायलाच पाठवलंय. ते माझ्याशी बोलायचे तेव्हा एक डोळा दारावर असायचा. पुढे त्यांनीच सांगितलं, की त्यांना वाटायचं, मी बुऱ्हाणपूरला रोज जाते ती त्यांच्या चहाड्या सांगायला. असे आम्ही दोघं. गाव आम्हा दोघांनाही एका माळेचे मणी समजायचं.

आणि अशात दुधाची भुकटी आली.

हल्लीच्या वाचकाला ही भुकटी ठाऊक नसेल. परदेशातून मदत म्हणून यायची, पुठ्ठ्याच्या मोठ्या पिंपांत भरलेली, वर इंग्रजी अक्षरं. कोमट पाण्यात थोडी थोडी टाकून घोटायची, गुठळ्या मोडायच्या आणि शाळेतल्या मुलांना वाटीवाटीने द्यायची. वास थोडा करपट, चव धड दुधाची नाही. पोरं नाक मुरडत प्यायची. गावात पहिल्या दिवसापासून चर्चा सुरू झाली. गाय दिसत नाही, म्हैस दिसत नाही, मग हे दूध कोणाचं? कोणी म्हणालं, बाटवायला पाजतात. कोणी म्हणालं, हे प्यालेल्या पोरींना पुढे मूलबाळ होत नाही. तिसऱ्या एकाचं म्हणणं असं, की दूध चांगलंच आहे, पण मास्तर-मास्तरीण पोरांना पाणी पाजतात आणि भुकटी नेपानगरच्या चहावाल्यांना विकतात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

पिंपं चौबे गुरुजींच्या खोलीत कुलपात असत. दूध तिथेच घोटलं जाई. ते स्वतः सगळ्यांसमोर आधी एक वाटी पीत. मुलांचं झालं की मी माझ्या पोरींना आपापल्या वाट्या घेऊन तिकडे पाठवायची आणि ओसरीवर लहानग्यांना सांभाळत थांबायची.

चैत्रातली सकाळची शाळा होती. त्या दिवशी पोरी दूध पिऊन परत आल्या तेव्हा त्यांच्यातली एक म्हणाली, आज दूध पैसा चाटल्यासारखं लागलं. मी म्हटलं, परदेशी दूध आहे, कसंही लागायचं. थोड्या वेळाने सुशी पाटी ठेवून उठली, ओसरीच्या कडेला गेली आणि ओकायला लागली. मग दुसरी. मग एकामागून एक. मी कोणाकोणाला धरू? पोटात कळा येत होत्या, पोरी वेटोळं करून जमिनीवर पडल्या होत्या. मुलांच्या शाळेकडे मदतीला माणूस पाठवला, तर तिकडे एकही मुलगा आजारी नव्हता. मुलं अंगणात खेळत होती.

गाव धावत आलं. बायांनी आपापल्या पोरी उचलल्या. सगळ्यांत जास्त सुशीला झालं होतं, तिचे डोळे वर गेले होते. तिला गाडीत घालून सडकेपर्यंत आणि तिथून मोटारीने बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेलं. गोदामाय गाडीत चढताना माझ्यासमोर थांबली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरींलेच कसं झालं?"

हा प्रश्न मलाही पडला होता, आणि खरं सांगायचं तर माझं उत्तर त्या वेळी तयार होतं. दूध चौबेंच्या खोलीत, किल्ली चौबेंकडे, वाटप चौबेंचं. मुलांना काही झालं नाही आणि माझ्याच पोरी आडव्या झाल्या. मुलींचा वर्ग नकोच असेल तर एवढं बास होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा ओसरीच्या पायऱ्यांवर बोरीच्या काट्या टाकल्या होत्या. दोन्हीकडच्या वाटाही काट्यांनी बंद. आळीतली दारं लागलेली. मी सुशीची चौकशी करायला गोदामायच्या घराकडे वळले तर कौसल्या उंबऱ्यात उभी होती. पोर वाचली, एवढं ती पुटपुटली आणि आत गेली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, तिला आणखी काहीतरी सांगायचंय.

मी तशीच चौबेंकडे गेले. भांडायच्या तयारीने गेले होते. ते खोलीत जमिनीवर बसले होते, चूल पेटलेली नव्हती. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "बहेनजी, आपको भी यही लगता है न कि मैंने किया?" मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, की आदल्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर संशय होता. वर्ग हिंदी झाल्याचा राग मी असा काढला, असं त्यांना वाटलं होतं.

मग मी त्या पोरीचं ते वाक्य सांगितलं, पैसा चाटल्यासारखं. ते म्हणाले, त्यांनी प्यालेल्या वाटीला तसली चव नव्हती. मी विचारलं, वाटी कुठल्या भांड्यातली? जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यातली, रोजच्याच. पण पातेलं मध्येच गळायला लागलं होतं, म्हणून मुलींच्या वाटणीचं दूध त्यांनी लगबगीने दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवलं होतं. मुलांचं वाटप चाललं तोवर ते तसंच उन्हात राहिलं.

ते भांडं कोपऱ्यात पडलं होतं. तांब्याचा हंडा. आत कडेला हिरवट वळ उमटलेला.

"हे कुठून आणलं?"

"कल सुबह ही पानी के लिए आपके बरामदे से उठवाया था. उसमें कुछ नहीं था."

तांब्याच्या भांड्यात पाणी चालतं. दूध, ताक, आंबट काहीही ठेवलं की ते कळकतं, आणि कळकलेलं पोटात गेलं की असंच होतं. आमच्याकडच्या कोणत्याही बाईला हे सांगावं लागत नाही. चौबे गुरुजी आयुष्यभर आधी आईच्या आणि मग खानावळीच्या हातचं जेवले होते. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितल्यावर ते ताडकन उठले. म्हणाले, चला, आत्ताच्या आत्ता गावाला दाखवू, ज्याचं भांडं आहे त्यालाही बोलवू, म्हणजे संशय फिटेल.

मी दारात आडवी उभी राहिले.

हंडा कौसल्याचा होता, म्हणजे गोदामायच्या घरातला. सासूला न सांगता दिलेला. ज्या हंड्यामुळे पोर मरता मरता वाचली, तो तिच्या आईने चोरून शाळेत नेला होता, असं गावासमोर आलं असतं तर आम्ही सुटलो असतो. कौसल्याचं काय झालं असतं, याचा विचार करवत नव्हता. मी गुरुजींना म्हटलं, काय घडलं ते सगळं सांगा, पण हंडा कोणाचा ते विचारू नका. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कोणाला वाचवताय, असं विचारलं. मी सांगितलं नाही. माझा त्यांच्यावर अजून तेवढा भरवसा नव्हता.

वरून चौकशीला साहेब आले. लिंबाखाली सतरंजी घातली, पुरुष पुढे बसले, बाया मागे भिंतीला टेकून उभ्या. चौबे गुरुजींनी उभं राहून सगळं सांगितलं. पातेलं गळालं, हंडा उचलला, दूध ओतलं, ही माझी चूक, असं म्हणाले. मला वाटलं होतं ते आडून बोलतील. ते सरळ बोलले. पण लोकांना पटलं नाही. कोणीतरी म्हणालं, दोघांनी मिळून गोष्ट रचलीय, हंडा आला कुठून? साहेबांनी तेच मला विचारलं.

मी म्हणाले, पोरींना पिण्याच्या पाण्यासाठी एका घरातून मिळाला होता.

कोणत्या घरातून?

मी गप्प राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, की भांडं कोणाचं हे सांगता येत नसेल तर ते शाळेत काय हेतूने आलं हेही सिद्ध होत नाही, आणि अशा परिस्थितीत मुलींचा वर्ग बंद करून बाईंवर कारवाई करण्यावाचून त्यांना मार्ग नाही. माझी नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. मी बायांच्या रांगेकडे बघायचं टाळत होते. बघितलं असतं तर माझ्या नजरेवरून कोणीतरी ओळखलं असतं. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, की कौसल्याने पदर तोंडावर ओढलाय आणि ती पाऊल पुढे टाकायच्या बेतात आहे.

तिच्या आधी गोदामाय पुढे आली. पुरुषांच्या मधून चालत सतरंजीपर्यंत गेली, हंडा उचलून उलटा केला, त्याचं बूड बघितलं आणि खाली ठेवला.

"हंडा माह्या घरचा हाय," ती म्हणाली. "मीच दिल्ता."

साहेबांनी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? उलट शाळा बंद का केलीत?

"हंडा पाण्यासाठी दिल्ता. त्यात दूध घालाले कोनी सांगतलं?" एवढं बोलून तिने चौबे गुरुजींकडे असं बघितलं, की त्यांना मराठी येत नसताना सगळं समजलं.

तिने तो हंडा दिला नव्हता, हे त्या लिंबाखाली तीन जणींना माहीत होतं. तिला स्वतःला, कौसल्याला आणि मला. आम्ही तिघीही खाली बघत होतो.

चौकशी तिथेच आटोपली. साहेब उठू लागले तेव्हा गोदामायने त्यांना थांबवलं आणि म्हणाली, की शाळा उघडायची तर उघडा, पण आमचा या दोघांवर भरवसा नाही. उद्यापासून दूध आमच्या बाया घोटतील, आमच्या डोळ्यांसमोर. आणि नुसतं दूधच का, आत काय चालतं तेही आम्ही पाहू. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी काट्या निघाल्या आणि पहारा बसला. आळीतल्या बायांनी आपसांत पाळी लावली. रोज दोघी येत. एक दूध घोटायला, एक ओसरीच्या खांबाशी. मला पहिली वाटी प्यायला लावत आणि ती पोटात गेल्यावर माझा चेहरा न्याहाळत थोडं थांबत, मग पोरींना देत. मी शिकवत असताना खांबाशी बसलेली बाई वाती वळायची, कपाशीच्या सरक्या काढायची, पण कान माझ्याकडे. आपण बोलतो तो प्रत्येक शब्द संध्याकाळी चुलीपुढे उलटसुलट करून पाहिला जाणार आहे, हे माहीत असलं की शिकवणं बदलतं. मी नेमकं बोलायला शिकले ते त्या बायांच्या भीतीने.

त्यांनी बऱ्याच गोष्टी पकडल्या. एका पोरीला मी रोज मागे बसवते आणि तिला फळा दिसत नाही, हे एकीने माझ्या आधी ओळखलं. गुरुजी छडी वापरतात, हे दूध घोटणाऱ्या बाईने पाहिलं आणि दोन दिवसांत छडी कुठे गेली ती कोणाला सापडली नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरी गैरहजर राहतात म्हणून मी कुरकुर करत होते, तर गोदामायने येऊन सांगितलं, की तुझी सुट्टी वेचणीत घे, म्हणजे आमचीही पंचाईत नाही आणि तुझीही. चौबे गुरुजींनी वर न विचारता वेळा बदलल्या. एवढं धाडस त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी मला रोज थोडं मराठी शिकवण्याची गळ घातली. मला वाटलं, भाषेची गोडी लागली. ते म्हणाले, नाही, या बाया माझ्या पाठीमागे काय बोलतात ते कळलं पाहिजे.

पुढे साहेबांनी वरच्या पाहुण्यांना आणून आमची शाळा दाखवायला सुरुवात केली. पालकांचा सहभाग बघा, म्हणायचे. पाहुणे दारातल्या बायांना नमस्कार करायचे. बाया त्यांच्याही हातांकडे बघायच्या.

एक गोष्ट मला वाचवता आली नाही. मराठी पुस्तकं परत आली नाहीत. पोरी हिंदीत वाचायला शिकल्या, चांगलं शिकल्या, आणि घरी आजीशी बोलताना आपल्या बोलीत बोलत राहिल्या. पण त्यांच्या बोलीच्या जवळचं असं लिहिलेलं काही त्यांच्या हाती मी देऊ शकले नाही. पहारा ठेवणाऱ्या बायांना या गोष्टीचं विशेष वाटलं नाही. पोर वाचते, मग कशातही वाचू दे, असं त्यांचं मत. मला मात्र ते अजून सलतं.

कौसल्याला मी एकदा विचारलं, त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं. ती दूध घोटत होती. हात न थांबवता म्हणाली, "आत्याबाई काहीच नाई बोलल्या. आजवर नाई बोलल्या." मी म्हटलं, मग चांगलंच झालं. ती म्हणाली, "बोलल्या असत्या तर बरं होतं, बाई. आता रोज वाटते, आज बोलतीन." गोदामायने तिला वाचवलं आणि त्याच वेळी कायमचं टांगून ठेवलं. हे तिने मुद्दाम केलं की तिला खरंच काही बोलायचं नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

गावातली शाळा संपल्यावर बहुतेक पोरी घरी बसल्या. सुशीला पुढे शिकायचं होतं आणि त्यासाठी बुऱ्हाणपुरात राहायला हवं होतं. मी कौसल्याला म्हटलं, आमच्या घरी ठेवा. दोन दिवसांनी गोदामायचा निरोप आला, की घर पाहायला येते.

ती मोटारीने आली, बरोबर मुलगा. मुलाला बाहेर बसवून एकटी आत आली. आईने चहा पुढे केला, तो तसाच राहिला. घरात पुरुष कोण कोण, असं विचारलं. माझा धाकटा भाऊ कॉलेजात होता. त्याला बोलावून समोर उभा केला आणि तो कुठे झोपतो ते बघितलं. पोर झोपेल त्या खोलीच्या दाराची कडी आतून लावून बघितली, बाहेरून ढकलून बघितली. गल्लीत जाऊन शेजारणीला विचारलं, ही माणसं कशी आहेत. आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. माझ्या वडिलांना राग आला होता, तो त्यांनी वर्तमानपत्रामागे लपवला. मला राग आला नाही. एवढी वर्षं झाली होती, आतापर्यंत मला तिची ही तऱ्हा पाठ होती.

शेवटी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगी इथं राहीन. पन मी येत जाईन."

सुशी आमच्याकडे मॅट्रिकपर्यंत राहिली. गोदामाय येत गेली. कधी केळीचा घड घेऊन, कधी नुसतीच. कधी सकाळी, कधी भर दुपारी, सणाला, आडवारी. येण्याआधी तिने एकदाही कळवलं नाही.